पाहुण्यांपुढे शहाणे नेट

कागदाच्या कारखान्यात कागद तुटला की आरडाओरडा होतो. ओला लगदा जाळीवर पसरतो, रुळांमध्ये दाबला जातो, वाफेच्या ढोलांवरून वाळत पुढे सरकतो, आणि या वाटेत कुठेही फाटला की मशीनभोवतीची सहा माणसे सहा दिशांना धावतात. एक जण वाफ कमी करतो, दुसरा वेग, तिसरा पाणी. पाच मिनिटांनी कागद पुन्हा चालू लागतो, पण कशामुळे चालू लागला हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून दुपारी तो पुन्हा तुटतो.

नेपानगरच्या कारखान्यात नंदकुमार देवरे यांनी चौतीस वर्षे काढली आणि त्यांची ख्याती अशी की ते कधी धावले नाहीत. खिशातून छोटी वही काढायची, घड्याळ बघायचे आणि शांतपणे म्हणायचे, "एका वेळी एकच चाक फिरवा. बाकीच्यांनी हात खिशात घाला." त्यांच्या माघारी सगळे त्यांना 'खिसेसाहेब' म्हणत. मात्र कागद तिसऱ्यांदा तुटला की बोलावणे खिसेसाहेबांनाच यायचे.

निवृत्तीनंतर त्यांनी कारखान्याचे क्वार्टर सोडले आणि बुऱ्हाणपुरात राजपुऱ्यात घर घेतले. पत्नी चारुलता यांचे माहेर शहापूर, तिथून जवळच. घर दुमजली, स्वच्छ, उजेडाचे. एकच अडचण होती. गल्लीत पॉवरलूम. दिवसभर खटखट, आणि त्या खटखटीबरोबर हवेत उडणारी कापसाची रुई. डोळ्यांना दिसत नाही, पण आठ दिवस लक्ष दिले नाही तर टीव्हीला दाढी येते. क्वार्टरमध्ये वर्षानुवर्षे झकपक संसार केलेल्या बाईला हे कसे सोसावे? चारुलताबाईंनी शिलाई मशीन काढले आणि महिन्याभरात घरातल्या प्रत्येक वस्तूला कपडे शिवले. टीव्हीला, मिक्सरला, पंख्याला, पिठाच्या डब्याला, रिमोटला, सायकलच्या सीटला. नंदकुमाररावांची थोरली बहीण मनीषाताई भुसावळहून आल्या तेव्हा सोफ्यावर बसता बसता म्हणाल्या, "चारू, मी फार वेळ नाही बसत बाई. उगाच मलाही शिवशील."

असे हे दोघांचे झाकलेले घर. त्यात मागच्या जानेवारीत ललित आला.

ललित त्यांचा एकुलता एक मुलगा. अकरावीला शिकायला म्हणून इंदूरला गेला तो गेलाच. मग पुण्यात इंजिनिअरिंग, मग पुण्यातच नोकरी. तेरा वर्षांत घरी आला तो दिवाळीचे चार दिवस नि उन्हाळ्याचे तीन. पुण्याची खोली, डबा आणि ट्रॅफिक यांना कंटाळून त्याने या वेळी कंपनीकडे घरून काम करायची परवानगी मागितली. कंपनीतल्या मॅडम म्हणाल्या, "एक महिना करून बघ. तुमच्या गावाला नेट नीट चाललं, मीटिंगमध्ये तू मध्येच गायब झाला नाहीस, तर पुढचं बघू. नाहीतर परत ये." महिना फेब्रुवारीच्या दुसऱ्या शुक्रवारी संपत होता. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता मॅडम स्वतः बोलणार होत्या.

हे ऐकून चारुलताबाईंनी डिंकाचे लाडू करायला घेतले. नंदकुमारराव म्हणाले, "बघ बाबा, तुझ्या कामाला जे सोयीचं असेल ते." आणि गच्चीवर जाऊन अर्धा तास उगाच कुंड्या इकडच्या तिकडे करत बसले. पोरगा घरी राहावा असे त्यांना किती वाटत होते, ते त्या कुंड्यांनाच ठाऊक.

नेट जोडणाऱ्या कंपनीचा प्रवीण नावाचा माणूस आला. त्याने बाहेरून तार आणली, बैठकीच्या खोलीत कोपऱ्यातल्या फळीवर राउटर बसवला. तळहाताएवढी काळी डबी, वर दोन शिंगे. तिच्यातून नेट हवेने वरच्या खोलीत ललितच्या कॉम्प्युटरपर्यंत जाणार. वेग मोजायचे एक पान असते. त्यावर काटा फिरतो आणि आकडा येतो. वरच्या खोलीत आकडा आला साठ. ललित म्हणाला, "बाबा, हे तर पुण्यापेक्षा चांगलं आहे!"

दोन दिवस उत्तम गेले. तिसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये ललित तोंड उघडे ठेवून गोठला. समोरच्यांना पडद्यावर दिसला तो जांभई देताना थिजलेला माणूस. वेग मोजला. चार.

"चार?" नंदकुमारराव म्हणाले.

"चार. आमच्या पुण्याच्या लिफ्टमध्ये याहून जास्त येतं."

नंदकुमाररावांनी वही काढली.

दुसऱ्या दिवशी प्रवीण पुन्हा आला. राउटर फळीवरून खाली घेतला, उलटापालटा केला, फुंकर मारली, परत लावला. आकडा: एकसष्ट.

"काका, हे तर मस्त चालून राहिलं," तो म्हणाला. "काहीच प्रॉब्लेम नाही."

"काल चार होता."

"काल असेल ना. आज तर नाही." चहा पिऊन तो गेला. तासाभराने आकडा पुन्हा चारवर.

पुढचे पंधरा दिवस हाच खेळ. नंदकुमाररावांची रीत मात्र सुटली नाही. त्यांनी आधी सरळ प्रश्न घेतला: दुखणे बाहेरच्या तारेत आहे की घरातल्या हवेत? लांब वायर आणून राउटरपासून जिन्यावरून वर ललितच्या कॉम्प्युटरला जोडली. आकडा नव्वदच्या घरात. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, तीनही वेळा नव्वदच. म्हणजे बाहेरून येणारे नेट ठणठणीत. रोग जिन्यात, भिंतीत, हवेत कुठेतरी.

"मग ही वायरच राहू द्या ना," ललित म्हणाला. पण तिसऱ्या दिवशी गच्चीवरून वाळलेले गहू घेऊन उतरताना चारुलताबाईंचा पाय वायरीत अडकला. त्या वाचल्या, गहू मात्र सोळा पायऱ्यांवर समसमान वाटला गेला. चारुलताबाई रागावल्या की त्यांची शहापूरची बोली वर येते. पायरीवर बसून त्या म्हणाल्या, "मले मारून टाका, मंग चालवा तुमचं नेट!" त्या दिवसापासून वायर हा शब्द घरात वर्ज्य झाला.

मग हवा. वहीत रकाने पडले: तारीख, वेळ, ऊन की ढग, फ्रिज चालू की बंद, मिक्सर, गल्लीतले लूम, दारे उघडी की लावलेली, आणि शेवटी आकडा. एका दिवशी एकच गोष्ट बदलायची. सोमवारी फ्रिज तासभर बंद ठेवला. दूध नासले, आकडा तोच. मंगळवारी मिक्सर बंद. चटणी पाट्यावर वाटली गेली आणि ती सगळ्यांना आवडली, एवढाच फायदा. बुधवारी राउटर लोखंडी कपाटापासून चार हात लांब सरकवला. सरकवल्या सरकवल्या आकडा साठ! नंदकुमाररावांनी वहीत 'कपाट' शब्दाखाली दोन रेघा मारल्या. दीड तासाने आकडा पुन्हा चारवर. दोन रेघा खोडल्या.

प्रवीण फोनवर म्हणाला, "काका, शेजाऱ्यांचे नेट पण त्याच चॅनलवर असतील. मी येऊन चॅनल बदलून देतो."

चारुलताबाई आतून ओरडल्या, "साडेसातच्या मालिकेचं चॅनल हलवायचं नाही हं, सांगून ठेवते!"

"आई, ते टीव्हीचं चॅनल नाही."

"मग नाव तेच कशाला ठेवलंय?"

प्रवीण आला, राउटरचे चॅनल बदलले. त्याच्यासमोर साठ. तो गल्लीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत साठ. जेवणे होईपर्यंत चार.

नंदकुमारराव विचारात पडले. कागद कधी असा वागला नव्हता. कागद दुष्ट असेल, पण सरळ होता. इंजिनिअर आला म्हणून तो जुळायचा नाही. हे नेट मात्र पाहुणे आले की पाढे म्हणून दाखवणाऱ्या पोरासारखे. पाहुण्यांची पाठ फिरली की धिंगाणा.

"प्रवीण असला की चालतं," ते जेवताना म्हणाले.

"मग त्याचा एक फोटो लावा राउटरच्या वर," चारुलताबाई म्हणाल्या. "मी हार घालते."

ललित हसला, पण मनापासून नाही. सकाळी मॅडमचा निरोप आला होता: 'काल तू तीन वेळा गेलास. शुक्रवारी नक्की ठरवू.' तो निरोप त्याने आईला दाखवला नव्हता. वडिलांना दाखवला होता. नंदकुमाररावांनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. त्यात बदलण्यासारखे एकही चाक नव्हते.

शेवटचा आठवडा उजाडला. मंगळवारी सकाळी प्रवीण चौथ्यांदा आला. राउटरच बदलून नवा देतो म्हणाला, आणि दिला. आकडा बासष्ट. "आता काका, हा बिघडला तर मला नाही, पंडितजींना बोलवा," असे म्हणून त्याने पायताण घातले. त्याच्या पाठोपाठ चारुलताबाईही बाहेर पडल्या. शहापूरला त्यांच्या भाचीचे डोहाळेजेवण होते. एक मुक्काम, बुधवारी संध्याकाळी परत. जाताना शंभर सूचना देऊन त्या ऑटोत बसल्या.

मंगळवारी दुपारी नंदकुमाररावांनी आकडा बघितला. एकसष्ट. चार वाजता साठ. सहा वाजता साठ. बुधवारी सकाळी त्रेसष्ट. ललितच्या लागोपाठ दोन मीटिंग झाल्या, एकदाही तो गोठला नाही. बापलेकांनी खिचडी केली, ती थोडी करपली, तरी दोघांनी आनंदाने खाल्ली. "नवा राउटर! जुनाच खराब होता," ललित म्हणाला. "आपण उगाच फ्रिजला त्रास दिला."

बुधवारी संध्याकाळी चारुलताबाई केळीचा अख्खा घड घेऊन परतल्या. गुरुवारी सकाळी साडेनऊला वरून ललितची हाक आली, "बाबा…" हाकेतच आकडा कळला. चार.

मीटिंगला उणापुरा एक दिवस राहिला होता. नंदकुमारराव वही घेऊन जिन्याच्या पायरीवर बसले. राउटर नवा, म्हणजे राउटर नाही. फ्रिज, मिक्सर, कपाट, चॅनल, लूम, सगळ्यांवर काट मारून झालेली. त्यांनी चांगल्या आकड्यांचे दिवस एका बाजूला घेतले, वाईट आकड्यांचे दुसऱ्या. वही सुरू झाल्यापासून सबंध चांगले दिवस दोनच, मंगळवार आणि बुधवार. या दोन दिवसांत घरात वेगळे काय होते? पेन्सिल वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. शेवटी त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले: 'चारू घरी नाही – साठ. चारू घरी – चार.'

ललितने खांद्यावरून वाचले आणि भिंतीला टेकून हसू लागला. "बाबा! म्हणजे आईमुळे नेट स्लो होतं?"

"मी असं म्हणत नाही. वही म्हणते."

"वही म्हणते हे आईला सांगा ना."

"हळू बोल," नंदकुमारराव म्हणाले. चौतीस वर्षे मशीनशी झुंजलेला माणूस, पण हे धाडस त्यांच्या अंगी नव्हते.

मग त्यांनी एकच केले. वर्तमानपत्र घेऊन बैठकीत बसले आणि वर्तमानपत्राच्या वरून बायकोकडे बघत राहिले. चारुलताबाई रोजचेच करत होत्या. केर काढला. टीव्हीचे कापड उचलले, टीव्ही पुसला, कापड झटकून परत घातले. पंख्याचे तेच. मग कोपऱ्यातल्या फळीशी आल्या. राउटरवरचे झाकण उचलले, ओल्या फडक्याने डबी पुसली, झाकण दोन्ही शिंगांवर नीट बसवले, आणि हाताने एक हलकी थाप मारली. शाळेत निघालेल्या पोराच्या डोक्यावर टोपी घालून मारतात, तशी.

नंदकुमाररावांच्या हातातले वर्तमानपत्र खाली आले.

पहिले दोन दिवस ते शिवून झाले नव्हते, तेवढे सोडले तर हे झाकण त्यांनी महिनाभर बघितले होते. पण त्या घरात झाकण म्हणजे वस्तूची कातडीच. टीव्ही म्हटले की टीव्हीचे कापड आलेच, मिक्सर म्हटला की मिक्सरची टोपी आलीच. वहीत ऊन-ढगाला रकाना होता, झाकणाला नव्हता. ते स्वतः राउटरला हात लावायचे तेव्हा झाकण काढून बाजूला ठेवायचे. प्रवीणही तेच करायचा. आणि सगळे उठून गेले की चारुलताबाई येऊन ते मुकाट्याने परत घालायच्या. मंगळवारी त्या ऑटोच्या घाईत होत्या, म्हणून नव्या राउटरचे डोके दोन दिवस उघडेच राहिले. काल संध्याकाळी घरात पाऊल टाकताच आधी त्यांनी ते झाकले होते.

नंदकुमारराव उठले. चारुलताबाई आत गेल्या होत्या. त्यांनी झाकण उचलले आणि वर हाक मारली, "बघ."

"एकोणसाठ!"

झाकण घातले. "आता?"

"चार!"

काढले. "साठ!" घातले. "पाच!"

"हे काय चाललंय?" दारात चारुलताबाई. हाताला पीठ. "त्याला काय दृष्ट काढताय का?"

नंदकुमारराव झाकण हातात धरून उभे. काय बोलावे ते त्यांनी मनात जुळवले होते, ऐन वेळी जुळवणी मोडली आणि सरळच तोंडून गेले, "चारू, नेट या झाकणामुळे अडतंय."

क्षणभर चारुलताबाईंना कळलेच नाही. मग कळले. ललित जिन्यावरून खाली आला होता. त्याच्याकडे बघून त्या म्हणाल्या, "म्हणजे मीच? महिनाभर तो वर बसून डोकं धरतोय, ते माझ्यामुळे?" त्या वेताच्या मोड्यावर बसल्या. पिठाचे हात मांडीवर. "रुई जाऊन बिघडेल म्हणून शिवलं मी. याच्यामुळे पोरगं घरी आलं, मग याला काय साधं फडकं घालायचं? म्हणून पेटीतलं काढून शिवलं." आवाज बारीक झाला. "आणि मीच त्याला परत पाठवत होते."

नंदकुमारराव झाकणाकडे बघत होते. पेटीतले म्हणजे कुठले ते त्यांना आता दिसले. त्यांच्या लग्नात सासऱ्यांनी त्यांच्या खांद्यावर घातलेला शेला. तो मुळात चारुलताबाईंच्या आजीचा. रेशीम कधीच विरले होते; उरला होता तो जरीचा भरगच्च पदर. त्याचीच दुहेरी झूल, पोळ्याच्या बैलाला घालतात तशी. याच शेल्याचा पदर मनीषाताईंनी भर मांडवात चिमटीत धरून म्हटले होते, "जर नकली दिसते गं." छत्तीस वर्षे झाली. चारुलताबाई हे वाक्य विसरल्या नव्हत्या, आणि मनीषाताईही त्यांना विसरू देत नव्हत्या.

"थांब," नंदकुमारराव म्हणाले. "एका वेळी एकच. ललित, वर जा."

त्यांनी टीव्हीचे सुती कापड आणून राउटरवर घातले. "किती?"

"एकोणसाठ!"

मिक्सरची टोपी. "साठ!"

पलंगावरची चादर, चार घड्या. "अठ्ठावन्न!"

"बघितलंस?" ते बायकोला म्हणाले. "कापड अडवत नाही. घरातलं एकही झाकण अडवत नाही. हे एकच अडवतं."

"का?"

"यात तार आहे. नेट लाकडातून जातं, कापडातून जातं, धातू आला की अडतं. आजीच्या वेळची बुऱ्हाणपुरी जर म्हणजे चांदीची तार रेशमावर गुंडाळून, वर सोन्याचा मुलामा. हा पदर एवढा दाट की आपण त्या डबीला पत्र्याच्या पेटीत घातलं म्हण."

चारुलताबाईंनी मान वर केली. "म्हणजे जर खरी?"

"हा काही सराफाचा दाखला नव्हे," नंदकुमारराव सावध म्हणाले. "पण नुसती प्लास्टिकची असती तर एवढं अडलं नसतं, असा माझा—"

पुढचे ऐकायला त्या तिथे नव्हत्या. आत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि मोरपिशी साडी घेऊन परतल्या. वास्तुशांतीला मनीषाताईंनी दिलेली, 'अस्सल जरीची आहे हो, जपून नेस' असे चारचौघांत सांगून दिलेली. तिचा पदर त्यांनी स्वतःच्या हाताने दुहेरी करून राउटरवर पांघरला आणि जिन्याकडे तोंड करून खड्या आवाजात विचारले, "ललित! आता किती रे?"

"पंचावन्न!"

चारुलताबाईंच्या चेहऱ्यावर जे पसरले त्याला आनंद म्हणणे कमीच. "पंचावन्न," त्या घोळवून म्हणाल्या. "आरपार." पिठाचे हात पदराला पुसून त्यांनी भुसावळला फोन लावला. स्पीकरवर लावला, म्हणजे साक्षीला माणसे असावीत.

"मनीषाताई, एक सांगायचं होतं. शेला खरा निघाला."

"कुठला शेला?"

"तोच. मांडवातला."

"कुणी सांगितलं? सोनाराने?"

"नेटने."

"कोण नेटने?"

"तुमच्या भावाने लावलंय ना, त्या नेटने. खऱ्या जरीतून ते जात नाही, ताई. अडतं." इथे त्यांनी राउटरवरचा मोरपिशी पदर चिमटीत धरला. "तुम्ही दिलेल्या साडीतून मात्र छान चालतं हो. झुळझुळ."

"नंदू!" मनीषाताई कडाडल्या. "ही काय बोलून राहिली? तू बाजूला आहेस ना? तू काय शिकवलंस तिला?"

नंदकुमाररावांनी बायकोकडे बघितले, फोनकडे बघितले आणि दोन्ही हात खिशात घातले.

शुक्रवारी सकाळी राउटर उघड्या डोक्याने फळीवर बसला होता. चारुलताबाईंनी सात वाजता आणि दहा वाजता तो नुसत्या ब्रशने झाडला. रुई बसू नये म्हणून बैठकीची खिडकी लावून घेतली. आजीचा पदर उसवून, इस्त्री करून पेटीत गेला होता. अकराला पाच मिनिटे असताना ललितने वरचे दार ओढून घेतले.

नंदकुमारराव जिन्याच्या नवव्या पायरीवर बसले. तिथून शब्द कळत नव्हते, आवाज कळत होता. ललितचा आवाज, मग बाईचा, मग पुन्हा ललितचा. सव्वाअकरा झाले. आवाज तुटला नाही. साडेअकरा. मध्येच वर काहीच ऐकू येईना, तेव्हा ते पायरीवरून अर्धे उठले. मग वर कुणीतरी हसले, ललितच, आणि बोलणे पुढे चालू झाले. खालच्या पायरीवर चारुलताबाई मेथी निवडत बसल्या होत्या. निवडून झालेली मेथी त्या दुसऱ्यांदा निवडत होत्या.

"अजून बोलतोय का?"

"बोलतोय."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"म्हणजे गोठला नाही. पुढचं मला कळत नाही."

बारा वाजता दार उघडले. ललित खाली आला तो चेहऱ्यावर काहीच न दाखवता. हे कसब त्याने बापाकडून घेतले होते. दोघांच्या मधल्या पायरीवर बसला.

"एकदाही गेलो नाही," तो म्हणाला.

"ते ऐकलं. मॅडम काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, राहा. महिन्यातून एकदा चार दिवस पुण्याला यायचं. बाकी इथूनच." मग तो म्हणाला, "मी त्यांना विचारलं, किती दिवस. तर म्हणाल्या, तू सांग. मी सांगितलं, मला जायचंच नाहीये."

चारुलताबाईंनी मेथी खाली ठेवली. डोळ्यांना पदर लावला, लगेच काढला आणि म्हणाल्या, "मग आज भाजीत शेंगदाणे जास्त घालते." त्यांना आणखी काही म्हणायचे होते; पण ते भाजीतच जायचे असावे.

"आई, आधी एक कर ना," ललित म्हणाला. "वरच्या कपाटातला एक कप्पा मोकळा करून दे. महिनाभर बॅगेतूनच काढून घालतोय मी."

एक कप्पा म्हणता तीन मोकळे झाले. गोधड्या खाली आल्या, जुने स्वेटर बाहेर निघाले, आणि ललितचे शर्ट एकेक करून चारुलताबाईंनी स्वतः घडी घालून ठेवले, हात लावू दिला नाही. दुपारी दीडपर्यंत बॅग रिकामी झाली. मोठी, चाकांची, निळी बॅग. गेली कित्येक वर्षे ती या घरात आली की पलंगाशेजारी उभी असायची, निघायच्या तयारीत. नंदकुमाररावांनी ती उचलून पाहिली. हलकी लागली.

ते स्टुलावर चढले, माळ्याचे दार उघडले आणि बॅग वर सरकवून खाली बघितले.

"हाताशी ठेवू की आत?"

"आत ढकला, बाबा," ललित म्हणाला. "अगदी भिंतीपर्यंत."